मेट्रो दाराशी आली, पण आई स्टेशनपर्यंत पोहोचत नाही

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचकाची आई ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालते. घरापासून मेट्रो स्टेशन नकाशात ४०० मीटरवर दिसतं. स्टेशनात लिफ्ट आहे, डब्यात बसायला जागा मिळते, तिकीटही परवडतं. तरी आई दर वेळी रिक्षाच करते. नगररचना आणि रस्त्यांच्या डिझाइनमधून यात खरंच काही सुधारता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

सुधारता येतं. सव्वीस वर्षं रस्ते, बसथांबे आणि स्टेशनांच्या परिसरांचं डिझाइन करते आहे, त्या अनुभवावरून सांगते. तुमच्या आईंना मेट्रो अडवत नाहीये. घराचं फाटक आणि स्टेशनची लिफ्ट यांच्या मधल्या रस्त्यात तीन-चार जागा अशा असणार, की त्यांतली एकही पार झाली नाही तर बाकीचा सगळा रस्ता चांगला असून उपयोग नाही. साखळीची एक कडी तुटली की प्रवास तिथेच संपतो आणि रिक्षाला हात केला जातो. म्हणून या कामात सरासरी पाहायची नसते. ‘या भागातले ८० टक्के फुटपाथ चांगले आहेत’ या वाक्याचा तुमच्या आईंना काडीचाही फायदा नाही. त्यांच्या वाटेवरची सगळ्यात वाईट जागा कोणती, हे शोधायचं असतं.

आधी अंतराबद्दल. स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून ‘एवढी लोकसंख्या चालत येऊ शकते’ असं धरायची आमच्या व्यवसायात पद्धत आहे. माणूस मात्र वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही. मध्ये मोठ्या सोसायटीची कुंपणभिंत असते, ओढा असतो, शाळेचं मैदान असतं, विकास आराखड्यात दाखवलेला पण जागा ताब्यात न आल्यामुळे अर्ध्यावर थांबलेला रस्ता असतो. सरळ रेषेत चारशे मीटर असलेलं अंतर पायी अकराशेच्या पुढे गेलेलं मी स्वतः मोजलं आहे. धडधाकट माणसाला ते पंधरा मिनिटांचं चालणं, गुडघे दुखणाऱ्या बाईला ती अख्खी सकाळ.

जुन्या पेठांमध्ये यावर उत्तर होतं, ते म्हणजे बोळ. भाऊ महाराज बोळासारखे काही आजही आहेत. गाडी शिरणार नाही इतके अरुंद, पण माणूस दोन मिनिटांत एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर. नव्या उपनगरांत आपण एकरा-एकराचे भूखंड आखले, प्रत्येकाला एकच मोठं गेट दिलं आणि बाकी तिन्ही बाजूंनी भिंत घातली. म्हणून बांधकामाचे नकाशे मंजूर करतानाच मोठ्या भूखंडातून किंवा त्याच्या कडेने लोकांसाठी खुली पायवाट मागितली पाहिजे. इमारत उभी राहिल्यावर ती मिळवणं फार कठीण जातं, तरी अशक्य नाही. स्टेशनकडच्या भिंतीत एक मीटर रुंदीचं फाटक, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं, वर दिवा, खाली पायरी नाही. माझ्या कामात दिलेल्या पैशाला सर्वात जास्त उपयोग याच एका गोष्टीचा झालेला पाहिला आहे. यासाठी महापालिकेची निविदासुद्धा लागत नाही, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो. सुरक्षेची भीती सभासद हमखास काढतात आणि ती खोटी नाही. पण ज्या फाटकातून दिवसभर शे-दोनशे माणसं जातात, तिथे आपोआप लक्ष राहतं. निर्जन असते ती लांबलचक भिंतीकडेची वाट.

राज्याच्या टीओडी धोरणात, म्हणजे मेट्रोभोवती दाट वस्ती आणण्याच्या धोरणात, स्टेशनच्या ५०० मीटर परिसरात चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळू शकतो. स्टेशनजवळ जास्त माणसांना राहायला-काम करायला जागा मिळावी, हा विचार मला पटतो. त्याच नियमांत रस्त्यालगत कुंपणभिंत न बांधता समोरच्या मोकळ्या जागेचा काही भाग पादचाऱ्यांसाठी खुला ठेवण्याची अपेक्षाही आहे. एफएसआयचा भाग बिल्डर आणि पालिका दोघंही बारकाईने वाचतात. पादचाऱ्यांच्या भागासाठी भांडायला मात्र कुणी नसतं, आणि ते तुमच्यासारख्या रहिवाशांनी करायला हवं. दाटी वाढवायची आणि चालायची वाट तीच ठेवायची, याचं फळ मुंबईने भोगलं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, परळ-लोअर परळच्या त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पादचारी पूल आणि जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात त्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. मनोऱ्यांना परवानगी देताना ‘ही माणसं कुठल्या जिन्याने येणार?’ हा प्रश्न परवानगीच्या अटींत असायला हवा होता. हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत विचारते.

आता फुटपाथ. इथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०३ मध्ये, चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी पूर्ण मोकळी जागा सांगितली आहे आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं आहे. पूर्ण मोकळी म्हणजे त्यात फीडर पिलर, म्हणजे वीज कंपनीची लोखंडी पेटी नाही, झाडाभोवतीचा चौथरा नाही, होर्डिंगचा खांब नाही. आपल्याकडे फुटपाथची रुंदी कागदावर तीन मीटर असते आणि चालायला उरतो दीड फूट. १५० मिलिमीटरची मर्यादाही हलक्यात घेऊ नका. पावसाचं पाणी दुकानात शिरू नये किंवा दुचाकी चढू नये म्हणून फुटपाथ एक-एक फूट उंच केलेले आहेत. तेवढी पायरी तुमच्या आई चढतील, पण उतरताना दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार येतो. म्हणून ज्येष्ठ माणसं फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालतात आणि मोटारवाले त्यांच्यावरच चिडतात.

त्याहून मोठा त्रास प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी होतो. मोटार आत जावी म्हणून तिथे फुटपाथ तोडलेला असतो. शंभर मीटरमध्ये सहा गेटं असली, तर सहा वेळा उतरायचं आणि सहा वेळा चढायचं. हे उलटं करायला हवं. फुटपाथ सलग एकाच पातळीवर राहील आणि मोटार छोट्या उतारावरून चढून तो ओलांडून आत जाईल. मोटारीला चढायला इंजिन आहे, आईंना गुडघे आहेत. जंगली महाराज रस्त्याचं नवं डिझाइन झालं तेव्हा रुंद, सलग फुटपाथ, झाडांखाली बसायच्या जागा आणि पार्किंगची वेगळी पट्टी एकत्र आखली गेली. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि शहरी रस्ते डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली होती, त्यातून काय घडू शकतं ते तिथे चालून पाहा. माझी तक्रार एकच आहे. असे रस्ते शहराच्या मध्यात आधी होतात आणि स्टेशनकडे जाणाऱ्या नऊ-बारा मीटरच्या साध्या रस्त्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते. खरं घोडं पेंड खातं ते तिथेच.

उताराचं गणित प्रत्येकाला यावं असं मला वाटतं, कारण ते सोपं आहे. व्हीलचेअरसाठी उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५० मिलिमीटर चढायला १.८ मीटर लांबी हवी. रस्त्याच्या कोपऱ्यावर जे सिमेंटचे ढीग थापून ‘रॅम्प’ म्हटले जातात, ते मोजा. अर्ध्या मीटरमध्ये तेवढी उंची गाठलेली दिसेल. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही, आणि खाली येताना माणूस पुढे कलंडतो.

दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांबद्दल मला वारंवार विचारतात. व्हीलचेअरला दोन खांबांमध्ये किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते, आणि आपल्याकडची साधारण स्कूटर त्यातून सहज निघते. म्हणजे एकीला थांबवून दुसरीला वाट देईल असं अंतर अस्तित्वातच नाही. नागमोडी लोखंडी अडथळे तर व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि काठीवालं माणूस या तिघांनाही अडवतात आणि स्कूटरवाला बाजूने वाट काढतो. मी नेहमी ९०० चं अंतर देते आणि दुचाकीसाठी पोलिसांनी दंड करावा असं लिहून देते. एखादी स्कूटर आत आली तर ते वाईटच, पण त्या भीतीने एखाद्याचा रस्ता कायमचा बंद करणं मला मान्य नाही.

फेरीवाल्यांकडे अडथळा म्हणून पाहू नका, अशी विनंती आहे. संध्याकाळी साडेआठला स्टेशनवरून एकट्या येणाऱ्या मुलीला भाजीची गाडी आणि तिच्यावरचा दिवा किती धीर देतो, हे पाहणीत बायका आपणहून सांगतात. झाडं, खांब, बाक आणि फेरीवाले यांची एक पट्टी रस्त्याच्या बाजूला आखून दिली की चालायची पट्टी मोकळी राहते. जागा नेमून दिली नाही तर ते मिळेल तिथे बसणार, त्यांचंही पोट आहे.

आता रस्ता ओलांडणं. चोवीस मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर या वेगाने ओलांडायला २० सेकंद लागतात, आणि सिग्नलची वेळ बहुधा या वेगावर बेततात. काठीवालं माणूस ०.८ मीटरने चालतं, त्याला ३० सेकंद हवेत. राहिलेले दहा सेकंद तुमच्या आई रस्त्याच्या मधोमध असतात. यासाठी वेळ वाढवणं आणि मध्यभागी थांबायला किमान दीड-दोन मीटर रुंद, सपाट जागा देणं, दोन्ही करावं लागतं. सिग्नल नसलेल्या ठिकाणी फुटपाथच्या पातळीला उचललेलं क्रॉसिंग सर्वात चांगलं: गाडीचा वेग आपोआप कमी होतो आणि माणसाला उतरावंच लागत नाही.

पादचारी पूल बांधून देतो, असं कुणी सांगितलं तर कृपया लगेच आनंदू नका. रस्त्यावर साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते, वर तुळईची जाडी. म्हणजे एका बाजूला चाळीसच्या आसपास पायऱ्या आणि पलीकडे तेवढ्याच उतरायच्या. मुंबईत २००८ पासून स्कायवॉक उभे राहिले. रेल्वेच्या पुलाला थेट जोडलेले काही खूप वापरात आहेत, पण बऱ्याच ठिकाणी लोकांनी खालचाच रस्ता धरला, कारण गाड्यांना सपाट रस्ता आणि माणसांना जिना ही वाटणीच चुकीची होती. मेट्रो स्टेशनची गोष्ट वेगळी आहे. तिथे वर जायचंच असतं, त्यामुळे तिकीट न काढता पलीकडे जाता येईल असा मजला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिफ्ट असेल, तर स्टेशन हाच सगळ्या परिसराचा पूल होतो. तुमच्या स्टेशनला दोन्ही बाजूंना लिफ्ट आहे का, आणि ती रात्री शेवटच्या गाडीपर्यंत चालू असते का, हे जरूर पाहा.

बसबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आईंचे बहुतेक प्रवास मेट्रो जिथे जात नाही तिथलेच असणार. बस थांब्याला लागून उभी राहत नाही, याचा दोष आपण ड्रायव्हरला देतो. पुष्कळदा तो डिझाइनचा असतो. रस्त्याच्या कडेला खोबण काढून केलेल्या बस-बेमध्ये रिक्षा उभ्या राहतात, बस बाहेरच थांबते, आणि आईंना आधी रस्त्यावर उतरून मग उंच पायरी चढावी लागते. मी बस-बे सुचवायचं केव्हाच सोडलं. त्याऐवजी फुटपाथच थांब्यापुरता पुढे आणते, म्हणजे बस आपल्या लेनमध्ये सरळ येऊन कडेला लागते. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ४०० मिलिमीटर असतो. १५० चा फुटपाथ वजा केला की उरते एक साधी पायरी, आणि बसची फळी टाकली तर व्हीलचेअरही जाते. जुन्या पद्धतीच्या बसचा तळ ९०० पर्यंत असतो. तिला प्लॅटफॉर्म नसला तर दोन-तीन उंच पायऱ्या आल्याच.

म्हणूनच बीआरटीबद्दल, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गांबद्दल, माझं मन दुखतं. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा २००६ चा मार्ग देशातला पहिला होता आणि त्यात चुका होत्या. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे हे रेनबो बीआरटीचे मार्ग आले, तेव्हा त्यातून बरंच शिकलेलं दिसलं: बसचा तळ आणि प्लॅटफॉर्म एका पातळीला, दार उघडलं की एक पाऊल टाकायचं. नंतर नगर रस्त्यावरच्या मार्गाचा मोठा भाग काढला गेला. चर्चा झाली ती वाहतूक कोंडीची आणि मोटारींच्या लेनची. पायरी न चढता बसमध्ये शिरायची सोय गेली, याचा उल्लेख मी फार थोड्या ठिकाणी ऐकला. ज्याचे गुडघे चांगले आहेत त्याच्या ते लक्षातच येत नाही.

दृष्टिहीनांना पायाने वाट कळावी म्हणून बसवतात त्या पिवळ्या खाचांच्या टाइल्सबद्दल एक आठवण सांगते. या टाइल्सची कल्पना जपानमधली. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंध शाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांब, पुढे काहीतरी आहे’. एका कामाच्या वेळी आमच्याबरोबर दृष्टिहीन गृहस्थ पाहणीला आले होते. रेघांची टाइल थेट एका खांबावर जाऊन संपत होती. ते खांबाच्या आधी थांबले. कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, “या टाइल्सवर मी विश्वास ठेवत नाही. उजव्या हाताला वड्याच्या कढईचा आवाज आला, म्हणजे खांब जवळ आला हे मला पाठ आहे.” पुढे कोपऱ्यावर आम्ही अभिमानाने फुटपाथ आणि रस्ता अगदी एका पातळीला आणला होता, व्हीलचेअरसाठी. तिथे ते न थांबता सरळ रस्त्यावर गेले. कडा पायाला लागलीच नव्हती. एकाची सोय दुसऱ्याचा धोका झाली होती. उपाय साधा होता, उताराच्या टोकाला ठिपक्यांच्या टाइल्सची पूर्ण रुंदीभर पट्टी. पण तो आम्हाला सुचला ते बरोबर चालल्यावर. तेव्हापासून व्हीलचेअर वापरणारी आणि दृष्टिहीन व्यक्ती, दोघांना एकत्र घेतल्याशिवाय मी कोपऱ्याचं ड्रॉइंग पक्कं करत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. हे सगळं माहीत असून होत का नाही? कारण साखळीची प्रत्येक कडी वेगळ्या माणसाची आहे. स्टेशनची हद्द संपते तिथे महापालिकेचा फुटपाथ सुरू होतो, थांबा बस कंपनीचा, सिग्नल पोलिसांचा, फीडर पिलर वीज कंपनीचा. एका शहरातल्या स्टेशनबाहेर लिफ्टच्या दारापासून चार मीटरवर ११० मिलिमीटरची पायरी राहिली होती. स्टेशनच्या ड्रॉइंगमधली पातळी बरोबर होती, पण मधल्या काळात जुना थर न खरवडता रस्त्यावर डांबराचे नवे थर चढले आणि शेजारचा फुटपाथ त्या मानाने उंच बांधला गेला. दोन कार्यालयांनी ती पायरी एकमेकांची ठरवली. दीड वर्ष पत्रं फिरली. काम शेवटी एका दुपारचं निघालं. त्या दीड वर्षात किती जण त्या पायरीपाशी येऊन परत गेले असतील, हा विचार मला अजून बोचतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये प्रवासाच्या सोयींवर स्वतंत्र कलम आहे. अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक नियम करायला सांगितलं. अर्जात हे लिहा. ‘ज्येष्ठांच्या सोयीसाठी कृपया’ असं लिहिलेल्या अर्जापेक्षा त्याला वेगळं उत्तर मिळतं.

सुरुवात कुठून, तर अशी करा. सकाळी उन्हं चढायच्या आधी आईंबरोबर स्टेशनपर्यंत चाला. टेप आणि खडू घ्या. त्यांना सूचना देऊ नका, हात धरू नका, फक्त मागे राहा. त्या जिथे थांबतील, रस्त्यावर उतरतील किंवा कशाचा तरी आधार शोधतील, तिथे खूण करा, उंची-रुंदी मोजा आणि फोटो काढा. सहसा तीन ते पाच जागा निघतात. प्रत्येक जागा कोणत्या खात्याची ते शोधून वेगवेगळा अर्ज द्या. एकाच अर्जात सगळं लिहिलं की तो कुणाचाच राहत नाही. फुटपाथचं काम क्षेत्रीय कार्यालयात द्या. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, त्यातही घाला. मोठे बदल, नवी पायवाट वगैरे, विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांच्या वेळी.

आणि एक बाक मागा, तोही वाटेच्या मध्यावर, झाडाच्या सावलीत. बैठक जमिनीपासून साधारण ४५० मिलिमीटर उंच आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे. बाकाला दांडे नसतील तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस त्यावर बसतच नाही, कारण उठता येणार नाही हे त्याला माहीत असतं. थांब्यांवरच्या निसरड्या, तिरक्या स्टीलच्या नळ्यांवर आई बसतात का ते बघा. मोजमापं झाली की मला पाठवा, उतारांची आणि क्रॉसिंगची ड्रॉइंग्ज मी करून देईन. अर्जाला जोडलेलं मापासकट ड्रॉइंग असलं की कनिष्ठ अभियंत्याचंही काम हलकं होतं, आणि बहुतेक वेळा पहिली सही तोच करतो.